एका छायाचित्राचें लिप्यंतर

आम्ही शाळामास्तर. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले आणि घरीं वडिलांच्या पायांशीं बसून थोडेंबहुत संस्कृत शिकलेले. यंत्रांविषयीं लिहिण्याचा अधिकार आम्हांस नाहीं, हें वाचकांनीं सांगण्यापूर्वीं आम्हीच कबूल करून टाकतों. तथापि गेल्या वर्षीं आमच्या तारापूरच्या घरांत जी एक अडचण उपस्थित झाली, तींतून जें शिकावयास मिळालें, तें आमच्यासारख्या इतर एकत्र कुटुंबांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमच्या थोरल्या वहिनी १९६४ सालीं ह्या घरांत आल्या. त्याच वर्षीं गांवाजवळ अणुविद्युत् केंद्राचें बांधकाम सुरू झालें, म्हणून तें साल घरांत सर्वांच्या ध्यानांत राहिलें आहे. आमचें वय त्या वेळीं सहा वर्षांचें होतें आणि आमची आई त्याच्या आदल्या वर्षीं निवर्तली होती. पाटीवरचीं पहिलीं अक्षरें वडिलांनीं काढून दिलीं हें खरें. परंतु ती पाटी रोज सकाळीं पुसून, दप्तरांत भाकरी बांधून, आम्हांला शाळेच्या वाटेला लावणाऱ्या वहिनीच. आमचें लग्न होईपर्यंत त्या आम्हांला नांवानें हांक मारीत. दुसऱ्या दिवसापासून ‘भाऊजी’ म्हणूं लागल्या आणि आम्ही कितीही विनविलें तरी पुन्हा नांवावर आल्या नाहींत. साठ वर्षें हें घर त्यांच्या हातांखालून गेलें. २०२४ च्या ज्येष्ठांत त्या गेल्या.

तेरावें उरकल्यावर भिंतीवर लावण्याकरितां तसबीर शोधूं लागलों, तेव्हां एक लाजिरवाणी गोष्ट उघडकीस आली. घरांत चित्रांचे सात अल्बम. मुंजी, लग्नें, बारशीं, सत्यनारायण, सर्व कांहीं त्यांत आहे. वहिनी मात्र कोठें नाहींत. जेव्हां जेव्हां मंडळी ओळीनें उभीं राहिलीं, तेव्हां तेव्हां वहिनी स्वयंपाकघरांत होत्या. एका लग्नाच्या चित्रांत त्यांचा चेहरा मसुराएवढा दिसतो, आणि एक आधार पत्रावरचा. त्यांत तर कोणताही मनुष्य स्वतःसारखा दिसत नाहीं!

मग धाकट्या सुनेला आठवण झाली. २०२३ च्या दिवाळींत आमच्या पुतण्याचा मुलगा रजेवर आला होता. तो व्यापारी जहाजावर नोकरीस आहे. त्यानें नवा कॅमेरा आणला होता आणि पाडव्याच्या सकाळीं ओटीवर बसलेल्या आजीचें एक चित्र त्यानें घेतलें होतें. वहिनी ‘माझे रे कसले फोटो’ म्हणत राहिल्या आणि त्यानें कळ दाबली. तो आतां समुद्रावर होता. निरोप येत-जात, परंतु मोठाल्या फायली येणें शक्य नव्हतें. मात्र कॅमेऱ्यांतलें कार्ड त्यानें कपाटांत ठेवलेलें होतें. त्यांत दोनशें बारा फायली निघाल्या आणि घरच्या जुन्या संगणकानें त्या प्रत्येकीच्या जागीं एक कोरें पान दाखविलें.

आम्ही कार्ड घेऊन पालघरास गेलों. स्टेशनाजवळ आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोटो स्टुडिओ आहे. कामांत तरबेज माणूस. परंतु त्याच्या संगणकावरील फोटोशॉप २००२ सालचें, सातवी आवृत्ति. नवें कां घेत नाहींस, असें विचारतां तो म्हणाला, “गुरुजी, माझीं लग्नपत्रिकेचीं आणि अल्बमचीं अक्षरें जुन्या मराठी टंकांचीं आहेत. नव्यावर नेलीं कीं वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. वीस वर्षांचा माल आहे हा. तो टाकून कसा देऊं?” त्याचें म्हणणें आम्हांला पटलें. ज्याचा संसार जुन्या भांड्यांवर चालला आहे, त्याला जुनीं भांडीं मोडीत घाल म्हणून सांगणें सोपें; पण उद्यांचा स्वयंपाक त्यानें कशांत करावा?

त्यानें फाईल उघडली. पडद्यावर एक चित्र आलें खरें, पण टपालाच्या तिकिटाएवढें. मोठें करूं जातां नुसते चौकोन दिसूं लागले. तो हळहळून म्हणाला, “गुरुजी, कार्ड बिघडलेलें दिसतें. एवढेंच शिल्लक आहे.” आम्ही कांहीं बोललों नाहीं. परतीच्या गाडींत बोईसर केव्हां आलें तें कळलें नाहीं. साठ वर्षांत एक चित्र, आणि तेंही तिकिटाएवढें!

घरीं आल्यावर पुतण्याच्या मुलीला, म्हणजे आमच्या नातीला, सर्व हकीकत सांगितली. ती महाविद्यालयांत शिकते. ती म्हणाली, “आजोबा, कार्ड बिघडलेलें नाहीं. ही रॉ फाईल आहे. ती जुन्या प्रोग्रामला वाचतां येत नाहीं, एवढेंच.” तिनें त्या रात्रीं आणि पुढील आठवड्यांत आम्हांला जें समजावून दिलें, तें आमच्या भाषेंत येणेंप्रमाणें.

कॅमेऱ्याच्या आंत फिल्मच्या जागीं प्रकाश मोजणाऱ्या लक्षावधि सूक्ष्म वाट्या असतात. त्यांना रंग कळत नाहीं, प्रकाश कमी कीं अधिक एवढेंच कळतें. म्हणून प्रत्येक वाटीवर एका रंगाची काच बसविलेली असते. निम्म्यांवर हिरवी, चतुर्थांशांवर तांबडी आणि उरलेल्या चतुर्थांशांवर निळी. ही मांडणी कोडॅक कंपनींतील ब्राइस बायर ह्या शास्त्रज्ञाची. तिचें पेटंट १९७६ सालीं मिळालें. प्रत्येक वाटीनें किती प्रकाश झेलला ह्याची नोंद म्हणजे रॉ फाईल. म्हणजे तें अजून चित्र नव्हेच. ती रोजकीर्द आहे. शेजारच्या वाट्यांवरून राहिलेल्या रंगांचें अनुमान करून, उजेडाचा मेळ घालून, जो ताळेबंद तयार होतो तें चित्र. जेपेग नांवाच्या परिचित प्रकारांत कॅमेरा हा ताळेबंद स्वतःच करून देतो आणि रोजकीर्द फेकून देतो. रॉ प्रकारांत तो रोजकीर्द जशीच्या तशी आपल्या हातीं ठेवतो.

आतां ही रोजकीर्द लिहिण्याची रीत प्रत्येक पेढीची निराळी. निकॉनची फाईल एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू, कॅननची पूर्वीं सीआरडब्ल्यू, मग सीआर२ आणि २०१८ पासून सीआर३. एकाच प्रकारांतही नव्या कॅमेऱ्याबरोबर आंतील बारकावे बदलतात. म्हणून संगणकावरील प्रोग्रामला प्रत्येक नवा कॅमेरा निराळा शिकवावा लागतो. फोटोशॉपच्या सातव्या आवृत्तीला रॉ वाचण्याची विद्या जन्मतः नव्हतीच. तो जोडभाग २००३ सालीं वेगळा विकावयास आला. पुढें सीएस६ ही आवृत्ति २०१२ सालीं निघाली. तिचें हें शिक्षण २०१५ सालीं थांबलें. त्यानंतर निघालेल्या कॅमेऱ्यांच्या रॉ फायली तिला निरक्षराप्रमाणें वाटतात. दोष ना फाईलचा, ना प्रोग्रामचा. दोघांमध्यें दुभाष्या नाहीं, एवढेंच.

मग तिकिटाएवढें चित्र कोठून आलें? कित्येक रॉ फायलींची बांधणी टिफ नांवाच्या जुन्या प्रकाराच्या धर्तीवर असते. टिफ १९८६ सालचा. त्याला बहुतेक सर्व प्रोग्राम ओळखतात. अशा फाईलच्या आरंभीं ओळखीपुरतें एक लहानसें चित्र ठेवलेलें असतें. जुना प्रोग्राम दारांतूनच तें पाहतो आणि घर एवढेंच आहे असें समजून परत फिरतो. आमचा विद्यार्थी फसला तो येथें.

हें ऐकून आम्हीं एक शक्कल लढविली. फाईलच्या नांवाचें शेपूट पुसून तेथें ‘टिफ’ लिहिलें. पुन्हा तेंच तिकीट! नात हंसून म्हणाली, “आजोबा, मोडी पत्रावर ‘बाळबोध’ असें शीर्षक लिहिलें म्हणून तें वाचतां येईल का?” हा दृष्टांत आमच्या जिव्हारीं लागला. त्याचें कारण पुढें सांगूं.

खरा उपाय म्हणजे लिप्यंतर. त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला डीएनजीचा. अडोबी कंपनीनें २००४ सालीं रॉ फायलींसाठीं ही एक सामाईक लिपि काढली आणि तिचे नियम सर्वांसाठीं खुले केले. मूळ रॉ फाईल डीएनजींत उतरवून देणारा तिचा प्रोग्राम फुकट मिळतो. त्याला एकेक फाईल न देतां सबंध फोल्डर दाखवावयाचें, आणि आपल्यापाशीं किती जुनी आवृत्ति आहे तें त्यांत निवडावयाचें. ज्यांच्याकडे सीएस६ किंवा तत्सम आवृत्ति आहे, त्यांचें काम एवढ्यानें भागतें. ती विद्या ठाऊक असलेला जुना प्रोग्राम नव्या कॅमेऱ्याची डीएनजी वाचतो. परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या सातव्या आवृत्तीला तीही वाचतां येत नसे. तिच्यासाठीं दुसरा मार्ग, टिफचा. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ह्यांसारख्या फुकट प्रोग्रामांत रॉ उघडून, चित्र सिद्ध करून, टिफ म्हणून बाहेर काढावयाचें. कॅमेऱ्याच्या कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम असेल तर त्यांतूनही हें साधतें.

पहिल्या दिवशीं आम्हीं घाई केली. उघडली फाईल आणि काढली टिफ. चित्र पूर्ण आकाराचें आलें, आणि आमच्या पोटांत धस्स झालें. वहिनींच्या पाठीमागें ओटीची उघडी बाजू. तेथून समुद्राकडचा लख्ख उजेड येत होता. अंगण स्वच्छ दिसत होतें, तुळशीवृंदावन दिसत होतें, आणि मध्यें वहिनींची नुसती काळी आकृति. नातीनें रॉच्या पोटांत कॅमेऱ्यानें ठेवलेलें जेपेगही काढून पाहिलें. त्यांतही चेहऱ्याच्या जागीं अंधारच. आम्ही तें उजळावयास सांगितलें, तर चेहरा राखेसारखा करडा होऊन त्यावर पट्टे उमटले.

नात म्हणाली, “आपण आठ बिटांची टिफ काढली, म्हणून असें झालें.” ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. आठ बिटांच्या चित्रांत प्रत्येक रंगाच्या काळोखापासून उजेडापर्यंत २५६ पायऱ्या असतात. कॅमेऱ्याची रॉ चौदा बिटांची असेल, तर तिच्यांत त्याच अंतराला १६,३८४ पायऱ्या. चेहरा ज्या अंधाऱ्या कोपऱ्यांत होता, तेथें आठ बिटांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच पायऱ्या उरल्या. त्या ताणल्या कीं मध्यें खड्डे पडणारच. रॉमध्यें त्याच कोपऱ्यांत पुष्कळ नोंद शिल्लक होती. म्हणून सावली आधीं रॉमध्येंच उजळावयाची आणि मग सोळा बिटांची टिफ काढावयाची. ती फाईल मोठी होते. सहा हजार गुणिले चार हजार ठिपक्यांचें चित्र, प्रत्येक ठिपक्याला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट. म्हणजे चौदा कोटी चाळीस लक्ष बाइट. मूळ रॉच्या कितीतरी पट. पण हें ओझें एकदांच वाहावयाचें असतें.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दिवे लागल्यावर नातीनें सावलीची पट्टी हळूहळू सरकविली. प्रथम कपाळावरचें कुंकू दिसलें, मग नथ, मग डोळे. त्या कॅमेऱ्याकडे पाहत नव्हत्या. डावीकडे, दाराकडे पाहून हंसत होत्या आणि हात अर्धा वर केलेला होता. त्या दारांत त्या वेळीं कोण होतें, हें आम्हांला आठवलें. चहा निवतो आहे म्हणून त्या आम्हांलाच बोलावीत होत्या. दादा, म्हणजे आमचे थोरले बंधू, चौऱ्याऐंशीं वर्षांचे. ते मागें येऊन उभे राहिलेले कोणाला कळलें नाहीं. पुष्कळ वेळानें ते म्हणाले, “लुगड्याचा रंग चुकला आहे.”

रॉ फाईलींत उजेडाचा रंगही मागाहून ठरवितां येतो. सकाळचें ऊन धरलें तर एक छटा, सावली धरली तर दुसरी. आम्ही जांभळट छटा ठेवली होती आणि घरांतील सर्व बायकांचें मत तेंच पडलें. दादा म्हणाले, “अंजिरी होतें.” दादांनीं जन्मांत कधीं वहिनींच्या लुगड्याविषयीं एक शब्द काढल्याचें कोणाला स्मरत नाहीं, म्हणून कोणी तें मनावर घेतलें नाहीं. शेवटीं सुनेनें पेटी उघडून तें लुगडें काढलें आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ओटीवर त्याच जागीं, त्याच उजेडांत धरलें. तें अंजिरी होतें. नातीनें पडद्यावरची छटा त्याबरहुकूम लावली आणि दादा आंत निघून गेले.

टिफ घेऊन पुन्हा पालघरास गेलों. ह्या वेळीं सातव्या आवृत्तीनें ती निमूटपणें उघडली. सोळा बिटांच्या चित्रावर तिला थर रचतां येत नाहींत; म्हणून उजेड-अंधाराचें बारीक काम आधीं सोळा बिटांत करून, मगच आठ बिटांची वेगळी प्रत काढून पुढील काम करावयाचें, असें ठरलें. विद्यार्थ्यानें मोठ्या उत्साहानें विचारलें, “गुरुजी, सुरकुत्या काढूं ना? मागें गुलाबी पडदा टाकतों, छान दिसेल.” आम्ही म्हणालों, “बाबा रे, त्या सुरकुत्यांपैकीं निम्म्या आमच्यामुळें पडल्या आहेत. त्या राहूं दे. तुळसही राहूं दे.” अंधारांतून वर काढलेल्या भागावर थोडा रवाळपणा आला होता, तेवढाच त्यानें कमी केला. पैसे घेईना, पुष्कळ आग्रह केल्यावर कागदापुरते घेतले.

आतां तो मोडीचा दृष्टांत. आमच्या माळ्यावर एक लांकडी पेटारा आहे. त्यांत आमच्या पणजोबांच्या वेळचीं पत्रें, खतें, आणि औषधांची एक वही आहे, सर्व मोडींत. आजोबा तीं वाचीत. वडील अडखळत वाचीत. आमच्या वेळीं शाळेंत मोडी शिकविली गेली नाहीं. वडील निवृत्त झाल्यावर दोन-तीनदां म्हणाले होते, “तूं शेजारीं बैस, मी वाचतों; तूं बाळबोधींत उतरून घे.” आम्ही म्हणालों, परीक्षा झाल्यावर बसूं. मग म्हणालों, सुटींत बसूं. ते गेले. कागद शाबूत आहेत, शाई शाबूत आहे, अक्षर तर मोत्यासारखें; परंतु त्या घरांत आज एकालाही त्यांतील एक ओळ लागत नाहीं. शाळेंत चाळीस पिढ्यांच्या गोष्टी सांगणाऱ्या मास्तराला स्वतःच्या पणजोबाचें पत्र वाचतां येऊं नये, ह्याहून मोठी शिक्षा कोणती?

आमच्या शेजारच्या चिंचणीस गेल्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूटकालीन ताम्रपट सांपडले. त्यांतील एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, इंद्रराज तिसरा ह्याच्या कारकीर्दींतला. संयान, म्हणजे आजचें संजाण, येथें मधुमति नांवाचा ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी होता आणि तेथील मठिकेला दान दिलें गेलें, असें त्यावरून समजतें. पंडितांच्या मतें मधुमति म्हणजे मुहम्मद. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनीं ते लेख वाचून प्रसिद्ध केले. तांबें हजार वर्षें मातींत टिकलें. परंतु त्यांतील अर्थ आपल्यापर्यंत आला तो ती लिपि जाणणारे शिल्लक राहिले म्हणून. नुसती वस्तु जपून भागत नाहीं, वाचण्याची विद्याही जपावी लागते. आणि आजकाल फायलींच्या लिप्या हजार वर्षांत नव्हे, दहा-पंधरा वर्षांतच बदलतात.

म्हणून घरोघरच्या मंडळींस आमची विनंति आहे. ज्यांच्या घरीं मुलांनीं नव्या कॅमेऱ्यानें रॉ चित्रें घेतलीं असतील, त्यांनीं मूळ फाईल कधींही पुसूं नये. लिप्यंतरांत कंपनीच्या खास नोंदींपैकीं कांहीं गळूं शकतात आणि पुढें अधिक चांगला दुभाष्या मिळूं शकतो. तिच्याशेजारीं डीएनजीची एक प्रत ठेवावी. निवडक चित्रांची सोळा बिटांची टिफ, कोणतेंही संकोचन न करतां काढावी. ह्या सर्वांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या जागीं ठेवाव्या; खाऱ्या हवेच्या आमच्या किनाऱ्यावर तर हें अवश्यच. पांच-दहा चित्रें कागदावर छापून घ्यावीं आणि पाठीमागें पेन्सिलीनें नांव, दिवस व जागा लिहावी. तें वाचावयास कोणताही प्रोग्राम लागत नाहीं. आणि हें सर्व, ज्याला त्या चित्रांतील माणसें ओळखतां येतात तो घरांत आहे तोंवर करावें. लुगडें अंजिरी कीं जांभळें, हें फाईल सांगत नाहीं.

वर्षश्राद्धाच्या दिवशीं तसबीर ओटीवर लागली. दादा जातां-येतां तिच्याकडे पाहतात. बोलत कांहीं नाहींत. आम्ही मात्र एक केलें. पेटारा माळ्यावरून खालीं उतरविला आहे. सदुसष्टाव्या वर्षीं मोडीची बाराखडी गिरवीत बसलों आहों. नात शेजारीं बसते आणि, खरें सांगावयाचें तर, आमच्यापेक्षां लवकर शिकते. पणजोबांच्या एका पत्राचा मायना आतांपर्यंत आम्हांला लागला आहे. पुढचें अजून लागावयाचें आहे.